नकाराची ओळ

"तीन चालत नाही, छोट्या."

"ताई, आवाज खाली. पलीकडे पोरं बसलीत."

"हळूच बोलतेय मी. तीन चालत नाही."

"परवा चालत होतं. काल यादी लागली तेव्हाही चालत होतं. आज सकाळी उठून तीनला काय ताप भरला?"

"तीनला काही झालेलं नाही. मला झालंय. क्षच्या जागी तीन घातला की छेदात शून्य येतं."

"येऊ दे की! शून्यच आहे, साप तर नाही."

"साप परवडला. सापाला निदान शेपूट असतं धरायला."

"हे बघ, मी कॉमर्सवाला माणूस. मला साप, शेपूट, छेद काही सांगू नकोस. मला एवढंच कळतं, यादी दारावर आहे, पहिलं नाव माझ्या पोरीचं आहे, आणि थोड्या वेळात त्या संस्थेचा फोन येणार आहे."

"म्हणूनच सांगतेय. फोन यायच्या आधी."

बोलणारी दोघं सख्खी भावंडं. ती थोरली, तो धाकटा; दोघांचेही केस पिकलेले, तरी तो तिला अजून ताई म्हणतो आणि ती त्याला अजून छोट्या. क्लासमधली मुलं तिला बाई म्हणतात, त्याला छोटे सर. छोटे सर अंगानं चांगले दारात मावणार नाहीत असे आहेत, पण बाईंच्या शेजारी उभे राहिले की नाव बरोबर वाटतं.

ते भांडत होते ती खोली म्हणजे खोली कमी आणि बोळ जास्त. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला वर्ग, मध्ये ही चिंचोळी जागा. झेरॉक्सचं मशीन, त्यावर फोन, कोपऱ्यात चहाची शेगडी, खडूचे डबे, आणि जुन्या पेपरांचे गठ्ठे इतके रचलेले की पाहुणा आला तर त्याला गठ्ठ्यावरच बसवायचं. वर्ग आणि खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत. त्या भिंतीतून पलीकडची शिंक अलीकडे ऐकू येते आणि अलीकडचं भांडण पलीकडे. म्हणून ही दोघं दात आवळून भांडत होती, आणि दात आवळून भांडलं की भांडण जास्त लागतं.

"मला समजेल असं सांग," छोटे सर म्हणाले. "एकदाच. मग मी सांगतो ते तू ऐक."

बाईंनी खडूचा डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. "हे खडू सहा पोरांत वाटले, प्रत्येकाला किती, हे सांगता येतं. तीन पोरांत वाटले, सांगता येतं. एकाला सगळे दिले, तेही सांगता येतं. आता वर्गात पोरच नाही. शून्य पोरं. वाट खडू. प्रत्येकाला किती?"

"प्रत्येकाला म्हणजे कुणाला? कुणी नाहीच ना."

"तेच."

"तेच काय?"

"छेदात शून्य आलं की प्रश्नच उरत नाही. माझ्या गणितात खाली 'क्ष वजा तीन' आहे. क्ष तीन झाला, की वर्ग रिकामा. म्हणून तीन हे उत्तर नाही. त्या गणिताला उत्तरच नाही. आणि मी उत्तर तीन धरून पेपर तपासले."

छोट्या सरांनी डबा तिच्या हातातून घेतला आणि झाकण लावलं. "झालं? आता माझं ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ तू उघडू नकोस."

*

बाई कोण, हे इथे सांगायला हवं, नाहीतर एका तीनवरून एवढा गोंधळ कशाला, असं कुणालाही वाटेल.

बाई तरुणपणी एका शाळेत लागल्या होत्या. एक सत्र टिकल्या. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, इतर वर्ग पुढच्या धड्यावर गेले, तुमचा वर्ग अजून एका छेदावर आठवडाभर काय करतोय? बाई म्हणाल्या, छेदात क्ष आहे, सर. मुख्याध्यापक म्हणाले, मग? या 'मग'चं उत्तर द्यायला बाईंना तास हवा होता आणि मुख्याध्यापकांना मिनिट नव्हतं. बाई घरी आल्या. शेजारची दोन मुलं स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून शिकायला लागली, दोनाची ओट्याशी मावत नाहीत इतकी झाली, तेव्हा टायरच्या दुकानाच्या वरची ही जागा घेतली.

छोटे सर तोवर माशांच्या काचपेट्यांचं दुकान घालून बसले होते. मासे मेले. मग पडद्याच्या कापडाचं घातलं, ते गिऱ्हाइकाच्या खिडक्यांना नेहमी वीतभर कमी पडायचं. शेवटी बाई म्हणाल्या, माझ्याकडे ये, इथे मरण्यासारखं काही नाही आणि मापायचं काम मी करते. तेव्हापासून पाटी, फोन, पालक, झेरॉक्स सगळं त्यांचं. फळा बाईंचा.

आणि फळ्यावर बाईंची एक रीत होती. छेदात क्ष असलेलं समीकरण आलं, की मुलांनी लगेच सोडवायला धावायचं नाही. आधी सगळ्यात वर एक ओळ लिहायची: क्ष काय असू शकत नाही. तिला चौकट करायची. मग खाली हवा तो धुमाकूळ घालायचा. गुणा, कंस सोडा, इकडचं तिकडे करा. उत्तर आलं की वर बघायचं. वर ज्याला नको म्हटलंय तोच खाली उत्तर म्हणून आलाय का? आला असेल तर हात जोडून त्याला परत पाठवायचं.

"कारण," बाई सांगायच्या, "तुम्ही दोन्ही बाजूंना छेदानं गुणता, तेव्हा छेद जातो. दिसेनासा होतो. विहिरीवर फळ्या टाकून अंगण सपाट केल्यासारखं. अंगण छान दिसतं. पण विहीर आहे ना तिथेच? म्हणून खेळायच्या आधी विहीर कुठे आहे ते लिहून ठेवा."

मुलं या ओळीला नकाराची ओळ म्हणायची. ती क्लासच्या बाहेरही पोचली होती. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं म्हणे लग्न ठरवताना मुलाला पहिल्या भेटीतच नकाराची ओळ सांगितली: घोरणारा नको, आईला विचारून सांगतो म्हणणारा नको, बाकी क्ष कुणीही चालेल. मुलगा घोरणारा निघाला. पण तो म्हणाला, मी विहीर आहे हे आधी सांगतोय, आणि तिनं त्याच्याशीच लग्न केलं. ही गोष्ट बाई दरवर्षी सांगायच्या आणि दरवर्षी शेवटी म्हणायच्या, "हे मात्र गणितात चालत नाही."

बाईंची दुसरी रीत मुलांना माहीत नव्हती. पेपर काढणाऱ्यांची असते तशी ती होती. गणिताचं उत्तर शून्य किंवा एक येऊ द्यायचं नाही. कारण ज्याला काही येत नाही तोही अंदाजानं शून्य नाहीतर एक ठोकून देतो, आणि आंधळ्याच्या हाती लागल्यासारखे गुण घेऊन जातो.

निवडपरीक्षेच्या पेपरात बाईंनी गणित घातलं होतं: डावीकडे क्ष छेद 'क्ष वजा तीन', उजवीकडे पाच छेद 'क्ष वजा तीन', अधिक दोन. नकाराची ओळ: क्ष तीन नको. सोडवलं, उत्तर एक. घालून पाहिलं, दोन्ही बाजू सारख्या. बिनचूक. पण उत्तर एक! बाईंना ते खुपलं. पेपर झेरॉक्सला जायच्या आधी, छोटे सर मशीन तापलंय म्हणून पलीकडून हाका मारत असताना, त्यांनी वरच्या पाचाचा तीन केला. एक आकडा. मनात सोडवलं. उत्तर तीन. छान, अंदाजानं कुणी लिहिणार नाही. घालून पाहिलं नाही, कारण हे गणित आपण मघाशीच घालून पाहिलंय असं हाताला वाटत होतं. हाताला वाटतं ते डोक्याला सांगत नाही कुणी.

मुलांना आयुष्यभर विहीर दाखवणाऱ्या बाईंनी स्वतःच फळी सरकवली आणि वरून चालत गेल्या.

*

आता त्या परीक्षेवर काय टांगलेलं होतं ते.

मोठ्या शहरातली एक संस्था दरवर्षी प्रत्येक क्लासमधून एक मूल घेते. एकच. वर्षभर राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथे, आणि तिथून निघालेलं मूल सहसा मागे वळून बघत नाही. निवड क्लासनं आपल्या परीक्षेवरून करायची आणि फोनवर नाव सांगायचं. एकदा नाव गेलं की गेलं.

यादीत पहिली होती छोट्या सरांची मुलगी. घरात तिला खारू म्हणतात, कारण लहानपणी ती खोडरबर गालात लपवायची. बाईंच्या मांडीवर बसून आकडे शिकलेली पोर. दुसरा होता लंबू. तो वर्गात मागे बसायचा, कारण पुढे बसला की मागच्यांना फळा दिसायचा नाही. त्याच्या घरी एकच खोली, त्यात थोरल्या भावाचं नवं बाळ, आणि मामाचं फरशीचं दुकान त्याची वाट बघत होतं. मामानं सांगून ठेवलं होतं, संस्थेत गेलास तर बरं, नाहीतर सोमवारपासून फरशी.

खारू आणि लंबू यांच्यात अंतर होतं ते त्या एका गणिताचं. लंबूनं नकाराची ओळ लिहिली होती, चौकट केली होती, सोडवलं होतं, तीन आलं होतं, वर बघितलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: "म्हणून उत्तर नाही." बाईंनी त्यावर लाल काट मारली होती.

आज सकाळी जिन्यात तो त्यांना भेटला. भिंतीला चिकटून उभा राहिला, त्यांना वाट द्यायला.

"बाई, सॉरी हं."

"कशाबद्दल रे?"

"ते तीनचं. मी उगाच ओळ लिहीत बसलो आणि घोळ केला. छोटे सर म्हणाले, बाईंनी गणित घातलंय म्हणजे उत्तर असणारच. मी दुरुस्त केलंय वहीत. सगळ्यांनीच केलंय. तीन."

"ओळ उगाच लिहिली?"

"आता नाही लिहिणार, बाई," लंबू म्हणाला, आणि चांगल्या मुलासारखा हसला.

बाई वर चढत राहिल्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी मनात गणित मांडलं, दुसऱ्या वळणावर तीन घातला, आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली टायरवाला चाक पाण्यात टाकून हवा तपासत होता. फुस्स आवाज आला.

लंबूचा पेपर तपासताना नेमकं काय झालं होतं, हे आठवायचं बाईंनी तेव्हा टाळलं. त्या सरळ छोट्या सरांकडे गेल्या.

*

"मूठ उघडली तर काय होईल सांगू?" छोटे सर बोटं मोडत होते. "पालक म्हणतील, बाईच चुकतात, मग पोरं कशाला पाठवायची? समोरचा क्लासवाला पेढ्यासारखी बातमी वाटेल. आणि खारू? कालपासून लोक तिचं अभिनंदन करतायत. तिला काय सांगू? तुझ्या आत्यानं तुझं नाव खाली ओढलं?"

"तिचं नाव खाली गेलेलं नाही. लंबूचं वर येतंय."

"एका शिडीवर दोघं आहेत, ताई! एक पायरी आहे!"

"मग ज्याची आहे त्याला दे."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, कळतंय का तुला?"

"दात कुणाचे आहेत ते कळतंय म्हणून तर दुखतंय."

छोट्या सरांनी टेबलावरचं कॅल्क्युलेटर ओढलं. पालकांशी बोलताना ते तेच ओढतात, सवय. "मला पटवून दे. मी तीन घालतो. काय येतं बघू." बोटानं दाबलं, तीन, भागिले, शून्य, बरोबर.

पडद्यावर एक 'ई' आलं. बाकी सगळं कोरं.

त्यांनी पुसलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा 'ई'. मग त्यांनी कॅल्क्युलेटर असं उलटं ठेवलं, जसं कुणी आरशात तोंड बघून आरसा पालथा घालतो.

"सेल गेलेत," ते म्हणाले.

"छोट्या."

"सेल गेलेत म्हटलं ना!"

दारात खारू उभी होती. हातात डबा, खांद्यावर दप्तर, केस अर्धे बांधलेले. ती किती वेळ उभी होती कुणाला कळलं नाही. या खोलीचं दार कधीच नीट लागत नाही, त्यामुळे ते उघडल्याचाही आवाज होत नाही.

"सेल परवाच घातलेत, बाबा," ती म्हणाली. "मीच घातलेत."

"तू वर्गात जा."

"जाते. आत्या, तीन चालत नाही ना?"

बाई तिच्याकडे वळल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? छेदात क्ष वजा तीन. ओळ लिहिली की दिसतंच."

पलीकडे कुणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं, ते भिंतीतून ऐकू आलं.

"तू ओळ लिहिली नव्हतीस," बाई म्हणाल्या. "तुझ्या पेपरावर ओळ नव्हती."

"मनात लिहिली होती. पेपरावर नाही लिहिली."

"का?"

खारूनं डबा झेरॉक्सच्या मशीनवर ठेवला. "लिहिली असती तर मलाही 'उत्तर नाही' लिहावं लागलं असतं. आणि तू बिनउत्तराचं गणित कधी घालत नाहीस. सगळ्यांना उत्तर असतं तुझ्या गणितांना. शून्य नाही, एक नाही, छान गोलमटोल काहीतरी. मला तुझे पेपर तुझ्यापेक्षा जास्त कळतात, आत्या. मी म्हटलं, आत्याची चूक झालीय. तिला तीन हवाय. दिला तीन."

"दिला?" बाईंनी विचारलं. "मला हवाय म्हणून दिलास?"

"पेपर कोण तपासणार होतं? तूच ना?"

"शाब्बास!" छोटे सर एकदम म्हणाले. ते स्वतःही दचकले. "नाही, म्हणजे... बघ ना, ताई. तिला दोन्ही कळलं. गणितही कळलं, आणि परीक्षकाच्या मनातही शिरली. मग हुशार कोण झालं? त्या संस्थेत काय नुसते भोळे घेतात?"

"तू गप्प बस, छोट्या."

"का गप्प बसू? चोरी केली का तिनं? कुणाचा बघून लिहिला का?"

"मी चोरी नाही केली," खारू म्हणाली. "मी पेपर संपल्यावर तुला सांगणार होते. जेवताना सांगू म्हटलं. पण तू जेवायला आलीच नाहीस, तपासत बसलीस. मग यादी लागली. माझं नाव वर होतं. मग सगळे म्हणाले, बाईंची भाची, बाईंची भाची. मग मला नाही सांगता आलं."

"आणि लंबू?"

"लंबूचं मला काय माहीत? त्यानं काय लिहिलं ते मला तेव्हा कसं कळणार?"

"आता कळलंय."

"हो. पेपर परत मिळाले तेव्हा त्याचा बघितला. कळलंय."

"मग?"

खारूनं वडिलांकडे बघितलं. छोटे सर फोनकडे बघत होते, जणू तो कुत्रा आहे आणि नजर हलवली तर चावेल.

"मला जायचंय इथून," खारू हळू आवाजात म्हणाली. "मला एकदा तरी अशा ठिकाणी जायचंय, जिथे तू कुणाची भाची, असं कुणी विचारणार नाही. तुला नाही कळायचं. तू नेहमी फळ्यासमोर असतेस. मी नेहमी फळ्याखाली."

बाईंनी तिच्या अर्ध्या बांधलेल्या केसांकडे हात नेला, लहानपणी नेत तसा. खारू बाजूला सरकली नाही, पण जवळही आली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

झेरॉक्सच्या मशीनवर असल्यामुळे तो वाजला की मशीनही थरथरतं आणि त्यावर ठेवलेलं सगळं. खारूचा डबा थरथरत कडेला येऊ लागला. कुणीच तो धरला नाही. छोट्या सरांनी आधी फोनवर हात ठेवला, उचलला नाही, दाबून धरला, जणू असा दाबला तर आवाज आतल्या आत गुदमरेल.

"ताई," ते म्हणाले, आणि त्यात भांडण नव्हतं. "मला एकच मुलगी आहे गं."

"मलाही एकच भाची आहे."

"मग?"

"हात काढ."

"खारू, तू सांग तुझ्या आत्याला. तू सांगितलंस तर ऐकेल ती."

"मला नका विचारू," खारू म्हणाली. "मला कुणीच काही विचारू नका."

फोन वाजतच होता. पलीकडची पेन्सिल थांबली होती. वर्ग ऐकत होता, हे आता तिघांनाही कळलं होतं.

बाईंनी भावाचं मनगट धरलं. जोर केला नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायच्या तसं नुसतं धरलं. छोट्या सरांचा हात आपोआप सैल झाला, आणि बाईंनी फोन उचलला.

"हो. हो, क्लासमधूनच बोलतेय. नाव सांगते, पण त्याआधी एक. आमच्या पेपरात एक चूक होती. एका गणिताला उत्तर नव्हतं आणि आम्ही उत्तर धरलं. आम्ही म्हणजे मी. पेपर मीच काढला होता. हो, त्यामुळे क्रम बदललाय." त्यांनी डोळे मिटले आणि लंबूचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "नाही, दुसरं कोणी नाही. पक्कं. लिहून घेतलंत ना? वाचून दाखवा."

पलीकडून कुणीतरी वाचून दाखवलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

डबा मशीनवरून खाली पडला. झाकण उघडलं नाही, म्हणून कुणी उचललाही नाही. छोटे सर पेपरांच्या गठ्ठ्यावर बसले. गठ्ठा एका बाजूला कलला, ते तसेच कलून बसून राहिले.

"झालं," ते म्हणाले. "आता फळ्यावरही जाऊन सांग. राहिलं कशाला ठेवतेस?"

"सांगणारच आहे. सगळ्यांच्या वहीत तीन आहे."

बाईंनी डस्टर घेतलं. खडूचा डबा घेतला. साडीच्या पदराला हात पुसले, खडूला हात लावायच्या आधीच. मग त्यांची नजर खारूवर गेली. पोर रडत नव्हती. त्यांना वाटलं होतं ती रडेल, आणि ती रडली तर आपण तिला जवळ घेऊ, आणि मग हे कसंतरी वाहून जाईल.

खारू त्यांच्याकडे बघत होती. गणिताकडे बघतात तसं. अंगणाकडे नव्हे, फळीखाली काय आहे तिकडे.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"माझा पेपर तू नेहमी सगळ्यात आधी तपासतेस. कडू औषध आधी म्हणून. म्हणजे माझे गुण तुला माहीत होते. लंबूचा पेपर नंतर आला."

"हो."

"त्यावर ओळ होती. चौकटीत. 'क्ष तीन नको.' तुझीच ओळ. आणि खाली, 'म्हणून उत्तर नाही.' तू ते वाचलंस. वाचल्याशिवाय तू काट मारत नाहीस, मला माहितीय."

बाईंनी डस्टर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"तेव्हा तू थांबली होतीस का, आत्या? पेन उचलून, एकदा तरी? की ते तुझ्या डोळ्यांपुढून नुसतं निघून गेलं?"

छोट्या सरांनी मान वर केली. "खारू, पुरे."

"बाबा, मी तिला विचारतेय. मी माझं सांगितलं. मला दिसलं होतं आणि मी तीन लिहिला. आता तिनं सांगावं. थांबली होतीस का?"

पलीकडे बाक हलल्याचा आवाज आला. लंबूच असावा, उठताना त्याचे गुडघे नेहमी बाकाला लागतात.

"ताई, बोल की काहीतरी," छोटे सर म्हणाले.

बाईंनी डब्यातून एक खडू काढला, बोटांत फिरवला, पुन्हा आत टाकला. मग डबा काखेत धरला, खाली पडलेल्या जेवणाच्या डब्याला वळसा घातला, आणि न लागणारं ते दार ढकलून त्या वर्गात निघून गेल्या.